जानेवारीत काश्मीरला ट्रक नेताना: तयारी उभ्या गाडीची

निफाडच्या एका गाडीमालकाने विचारलंय: बीएस-६ ची बाराचाकी गाडी आहे, आजवर इंदूरच्या वर गेलेली नाही. जानेवारीत कांदा भरून श्रीनगरच्या परिमपोरा मंडीत पोचवायचा आहे, भाडं चांगलं ठरलंय. डिझेल जमू नये म्हणून टाकीत काय टाकायचं आणि कूलंटमध्ये काय मिसळायचं, तेवढं सांगा.

दादा, दोन्हीची उत्तरं देतो. पण "काय टाकू" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की तुमची गाडी रात्री कुठे, किती वेळ आणि किती थंडीत उभी राहणार? चालती गाडी थंडीला सहसा दाद देत नाही. इंजिन तापलेलं असतं, रिटर्न लाइनमधून कोमट डिझेल टाकीत परत येत असतं, बॅटरी चार्ज होत असते, चाकं गरम असतात. गाडी बाजूला घेऊन चावी फिरवली की दोन-तीन तासांत ही सगळी ऊब जाते आणि पहाटेपर्यंत सगळं लोखंड बाहेरच्या हवेइतकं गार होतं. काश्मीरच्या रस्त्यावर ज्या गाड्या अडकलेल्या बघितल्या, त्यातल्या बहुतेक आदल्या रात्री व्यवस्थित चालत आलेल्या होत्या. अडल्या त्या सकाळी. म्हणून मी तयारी करतो ती उभ्या गाडीची.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे ऐन कडाका. रात्री उणे ४-५ नेहमीचं, काही रात्री उणे ८ पर्यंत. निफाडला ५-६ अंशांत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाला थंडी नवी नाही, पण शून्याच्या वरची थंडी आणि खालची थंडी यांचं गणितच वेगळं. श्रीनगरपर्यंतची तयारी नाशिकच्या चांगल्या वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत होते. पुढे कारगिल-लेहचं भाडं कुणी देऊ केलं तर या पहिल्याच फेरीत घेऊ नका. झोजिला खिंड ३५२८ मीटरवर आहे आणि पलीकडे द्रासला उणे २० सहज होतं. तिथे तेल, डिझेल, हीटर सगळंच वेगळं लागतं, आणि या उत्तरातलं बरंचसं तिथे अपुरं पडेल.

थंडी गाडीत धरते ती दोनच गोष्टींना: डिझेलमधल्या मेणाला आणि गाडीत जिथे जिथे पाणी आहे त्या पाण्याला.

डिझेलचं आधी बघू. डिझेलमध्ये मुळातच मेणाचा अंश असतो. हिवाळ्यात आपल्याकडे खोबरेल तेल बाटलीत थिजतं, आधी दुधी होतं मग घट्ट, अगदी तसंच डिझेलचं होतं. पण गाडी बंद पडायला डिझेल घट्ट व्हावं लागत नाही. ते नुसतं दुधी झालं, म्हणजे मेणाचे बारीक कण तयार झाले, की ते फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतात. गाडी सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं चालते, मग पिकअप सोडते आणि बंद पडते. फिल्टर उघडला तर आत मळकट पांढरा थर दिसतो, बोटाने खरवडला तर मेणबत्तीसारखा निघतो. टाकीत डिझेल शिल्लक, पंप चांगला, आणि तरी इंजिनला डिझेल पोचत नाही.

आपल्या देशात डिझेलचं मानक आयएस १४६०. डिझेल कोणत्या तापमानाला फिल्टरमधून जायचं थांबतं, त्याची कमाल मर्यादा त्यात उन्हाळ्यासाठी १८ अंश आणि हिवाळ्यासाठी ६ अंश दिली आहे. हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ही वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात पुष्कळदा डिझेल यापेक्षा बरं असतं. पण महाराष्ट्रात भरलेलं डिझेल उणे ५ ला फिल्टरमधून जाईलच, अशी हमी तुम्हाला कुणी दिलेली नाही. लडाख-स्पितीसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल पानिपत रिफायनरीतून आणलं, ते याच कारणासाठी.

म्हणून टाकीत काय टाकायचं याच्या आधी टाकीत कुठलं डिझेल आहे हे ठरवा. नाशिक ते जम्मू साधारण १९०० किलोमीटर. भरलेली बाराचाकी साडेतीन-चारचं अॅव्हरेज देते असं धरलं तर पाचशे लिटरच्या आसपास डिझेल वाटेत जळणार. ते अशा हिशोबाने भरत चला की जम्मूला पोचताना टाकी तळाला आलेली असेल. अगदी कोरडी नको, पंजाबच्या धुक्यात रांगेत तासन्‌तास जाऊ शकतात. मग जम्मू किंवा उधमपूरला, जिथे काश्मीरच्या गाड्या भरतात त्या पंपावर, विचारून टाकी पूर्ण भरा. पूर्णच भरा, कारण रिकाम्या टाकीच्या वरच्या भागात ओली हवा राहते, रात्री तिचं दव होऊन पाणी तळाला जातं आणि तळातच डिझेलचा पाइप असतो. दोन टाक्यांची गाडी असेल तर दुसरी टाकी विसरू नका. बऱ्याचदा ड्रायव्हर मोठी टाकी बदलतो आणि छोटीत निफाडचं डिझेल तसंच राहतं.

अँटी-जेल अॅडिटिव्ह, म्हणजे डिझेल जमू न देणारं रसायन मिळतं, वापरायला हरकत नाही. मात्र ते मेण धरण्याआधी टाकायचं. डिझेल एकदा दुधी झालं की त्यात बाटली ओतून काही होत नाही. टाकीत आधी अॅडिटिव्ह, वरून डिझेल, म्हणजे आपोआप ढवळलं जातं. बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि तुमच्या गाडीच्या कंपनीला ते चालतं का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा.

रॉकेल मात्र घालू नका. जुने ड्रायव्हर सांगतील की आम्ही वीस-तीस लिटर रॉकेल मारायचो, काही व्हायचं नाही. त्यांच्या जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांना ते चालून जात असेल. तुमच्या कॉमन रेल पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच, आणि रॉकेलला ते अंगच नाही. वरून त्यातल्या गंधकामुळे सायलेन्सरमधली उत्प्रेरकाची भांडी खराब होतात. इंजेक्टर आणि पंपाच्या एका बिलात चार फेऱ्यांचं भाडं जाईल. भेसळीचा कायदा आहे तो वेगळाच.

निघण्याआधी दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाका, वॉटर सेपरेटरचं पाणी काढा आणि फिल्टरचा आणखी एक जोड, पाना आणि हातपंपाने एअर काढायची सवय बरोबर घ्या. हे शेवटचं सांगतो कारण फिल्टर गाडीत असतो पण उणे पाचात, अंधारात, बधिर बोटांनी तो बदलायची वेळ आली की क्लीनरला एअर कुठून काढायची हेच माहीत नसतं. घरच्या अंगणात एकदा करून घ्या.

आता पाण्याकडे येतो. सगळ्यात जास्त पाणी रेडिएटरमध्ये. तुम्ही विचारलंत काय मिसळू. माझं म्हणणं, काही मिसळू नका, आहे ते पूर्ण काढा आणि नवं भरा. आपल्याकडे उन्हाळ्यात घाटात गाडी तापली की ढाब्यावरचं पाणी ओततात. वर्षभरात तीनदा असं झालं की कूलंटचा नुसता रंग उरतो, ताकद जाते. हिरवा-गुलाबी रंग बघून काही कळत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३५ च्याही खाली टिकतं. एक तृतीयांश असेल तर उणे १७-१८. श्रीनगरला तेवढंही पुरेल, पण मी निम्मं-निम्मंच ठेवतो. त्याहून जास्त घालून फायदा नाही, उलट तोटा आहे: निव्वळ कूलंट उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. भरल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून बघा. ते यंत्र वर्कशॉपमध्ये नसेल तर तयार मिसळलेलंच कूलंट घ्या आणि वाटेत वर टाकायला त्याचा एक कॅन ठेवा.

आणि आता ज्या गोष्टीकडे आपल्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. गाडी तापायला लागली की आपल्याकडचे पुष्कळ मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. महाराष्ट्रात त्यावर वर्षानुवर्षं चालतं, मालकाला पत्ताही नसतो. उत्तरेत गेल्यावर तीच गाडी तापतच नाही. काझीगुंडला, बनिहालच्या पलीकडे, सांगलीकडची एक गाडी भेटली होती. ड्रायव्हर तक्रार करत होता की केबिनचा हीटर गार हवा फेकतो, अॅव्हरेज पडलंय आणि डॅशबोर्डवर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा जात नाही. तीन तक्रारी, तीन वेगळे पार्ट बदलायची तयारी. तापमानाचा काटा बघितला तर बनिहालचा चढ चढून आलेली गाडी, आणि काटा तळाच्या खुणेपासून जेमतेम बोटभर वर. हाऊसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅट नाही. बीएस-६ गाडीत तर हे फारच महत्त्वाचं आहे, कारण इंजिन तापलं नाही तर काजळी जळत नाही, युरियाची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी गरम होत नाही आणि तुम्हाला केबिनमध्ये ऊब मिळत नाही. निघण्याआधी मेकॅनिकला तोंडी विचारू नका, उघडून दाखवायला सांगा. दोनशे रुपयांची मजुरी वाचवायची ही जागा नाही.

युरियाचं (डीईएफचं) थोडक्यात: ते उणे ११ ला गोठतं, त्यामुळे श्रीनगरपर्यंत सहसा प्रश्न येत नाही. तरी टाकी काठोकाठ भरू नका, गोठताना ते फुगतं आणि टाकी प्लास्टिकची आहे. गोठलंच तर गाडी सुरू होते, इंजिनचं गरम पाणी टाकीतून फिरून ते वितळवतं. त्यात गरम पाणी, स्पिरिट, काहीही मिसळायचं नाही.

आता हवेतलं पाणी. ब्रेकच्या टाक्यांमधली हवा कॉम्प्रेसरने दाबलेली असते, तिच्यातली वाफ टाकीच्या तळाशी पाणी होऊन साचते. आपल्याकडे ते साचलं तरी गाडी चालते. तिथे ते पाणी व्हॉल्व्हमध्ये आणि पाइपच्या वळणात बर्फ होऊन बसतं. सकाळी हवा भरते पण ब्रेक सुटत नाही, किंवा त्याहून वाईट, उतारावर एका एक्सलचा ब्रेक उशिरा लागतो. ही ओल शोषून घेणाऱ्या एअर ड्रायरचा डबा (कार्ट्रिज) कधी बदलला हे आठवत नसेल तर बदलाच. मग प्रत्येक टाकीचा ड्रेन कॉक उघडून हाताखाली पांढरं फडकं धरा. नुसती हवा आली तर उत्तम. पाण्याचे शिंतोडे आले तर ड्रायर थकलाय. दुधाळ कॉफीसारखं चिकट काही आलं तर कॉम्प्रेसर तेल मारतोय आणि नवा ड्रायरही महिनाभरात खराब होणार, म्हणजे आधी कॉम्प्रेसरचं काम. हे ड्रेन करणं जम्मूच्या पुढे रोजचं काम आहे, आणि ते संध्याकाळी गाडी लावल्या लावल्या, टाक्या कोमट असतानाच करायचं. सकाळी उघडलात तर कॉकमध्येच बर्फ असेल.

ब्रेकचीच आणखी एक गोष्ट. ओल्या बर्फातून, चिखलातून गाडी आणली आणि तशीच हँडब्रेक ओढून लावली तर लायनर ड्रमला चिकटून गोठतात. म्हणून थांबायच्या ठिकाणाआधी अर्धा-एक किलोमीटर, रस्ता मोकळा बघून, हलका ब्रेक दोन-चार वेळा दाबत आणा, लायनर तापून कोरडे होतात. काही जण सांगतात हँडब्रेक लावूच नका, नुसते दगड लावा. भरलेली गाडी, डोंगरी जागा, मी हा सल्ला देत नाही. शिवाय रात्रीत हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतोच. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक आणि चाकांखाली लाकडी ठोकळे, हे चारही हवं. सकाळी चाक अडलंच तर रेस मारून ओढू नका. ड्रमवर हातोडीने हलके ठोके मारा, मग पहिल्या गिअरमध्ये किंचित पुढे, किंचित मागे.

बॅटरीत पाणी आहेच. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचं अॅसिड काश्मीरच्या कुठल्याही थंडीत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीचं उणे ८-१० लाच गोठू शकतं आणि ती फुटते. शिवाय थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलात इंजिन फिरवायला सेल्फला जास्त ताकद लागते. दोन्ही बॅटऱ्यांची लोड टेस्ट करून घ्या. एक कमजोर निघाली तर दोन्ही बदला, नवी-जुनी जोडी चोवीस व्होल्टच्या गाडीत टिकत नाही. टर्मिनल घासून, ग्रीस लावून घट्ट करा. सकाळी चावी फिरवल्यावर हीटरचा दिवा असेल तर तो जाईपर्यंत थांबा. सेल्फ दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा. इथर स्प्रे जवळसुद्धा ठेवू नका. इनटेकमध्ये तापलेली जाळी असलेल्या इंजिनमध्ये तो मारला तर भडका उडतो.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० आहे, नुकतं बदललेलं आहे, तर श्रीनगरसाठी पुरेसं आहे. गिअर आणि डिफरन्शियलमध्ये ८५डब्ल्यू-१४० असेल तर सकाळी पहिले दोन किलोमीटर गिअर जड पडतील. घाई न करता हळू चालवा. ८०डब्ल्यू-९० तुमच्या कंपनीच्या पुस्तकात बसत असेल तर तेच टाका.

काचेच्या फवाऱ्याच्या डब्यात साधं पाणी असेल तर काढा, थंडीचं वॉशर फ्लुइड भरा. वायपर नवे. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीच नाही, काच तडकते.

टायरचं मात्र नीट ऐका. पुढच्या चाकांना रिमोल्ड नको, आणि ओढणाऱ्या एक्सलला नक्षी भरपूर शिल्लक असलेले टायर हवेत. तुमचे चांगले टायर आज डमी (नुसता भार वाहणाऱ्या) एक्सलवर असतील तर त्यांची अदलाबदल करा, कारण बर्फावर गाडी पुढे नेतात ती ओढणारीच चाकं. दुपारी ३० अंशांत १२० पीएसआय भरलेली हवा उणे ५ ला १०५ च्या आसपास दाखवते, पंक्चर नसताना. भरलेल्या गाडीला एवढा फरक मोठा आहे. तेव्हा जम्मूला आणि पुढे बनिहालला सकाळी, गाडी न चालवता, हवा तपासून पूर्ण करा. साखळ्यांचा एक जोड तुमच्या टायरच्या मापाचा घ्या आणि अंगणात दोनदा चढवून-उतरवून बघा. लावल्यावर अर्धा किलोमीटर जाऊन पुन्हा कसा, ताशी तीसच्या वर जाऊ नका, आणि कोरडा रस्ता किंवा बोगदा आला की काढा, नाहीतर साखळी तुटून टायर आणि ब्रेकचे पाइप दोन्ही कापते. निसरड्यावर एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा. तो फक्त ओढणाऱ्या चाकांना रोखतो, आणि बर्फावर नेमकी तीच घसरतात. येताना गाडी रिकामी असेल आणि लिफ्ट एक्सल असेल तर तो उचला, वजन कामाच्या चाकांवर येईल.

वर्कशॉपचं काम कोणत्या क्रमाने करायचं तेही सांगतो, कारण वेळ आणि पैसा दोन्ही मोजके असणार. आधी ब्रेकची हवा, ड्रायर आणि लायनर. मग थर्मोस्टॅट आणि कूलंट, ही दोन एकाच वेळी होतात. मग बॅटऱ्या. मग फिल्टर. टायरची अदलाबदल सगळ्यात शेवटी, माल भरायच्या आदल्या दिवशी. पैसे कमी पडले तर साखळ्या जम्मूला बघता येतील, पण पहिली चार कामं घर सोडण्याआधीच.

रस्त्याबद्दल. तुमची खरी धोक्याची रात्र काश्मीरमध्ये नसून हरियाणा-पंजाबमध्ये असू शकते. जानेवारीच्या धुक्यात पुढच्या गाडीचा टेललाइट दहा फुटांवर आल्यावर दिसतो. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी अशी रिफ्लेक्टर पट्टी स्वच्छ आणि पूर्ण हवी, ताडपत्री तिच्यावर लोंबता कामा नये. हेडलाइट खाली, फॉगलॅम्प चालू. दिसत नसेल तर ढाब्याच्या आत, पंपाच्या आवारात थांबा. रस्त्याच्या कडेला पार्किंग लाइट लावून झोपणं म्हणजे मागून येणाऱ्याच्या नजरेवर जीव टाकणं आहे.

जम्मू ते श्रीनगर अडीचशे किलोमीटर. चेनानी-नाशरी बोगदा २०१७ मध्ये झाला, बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवयुग बोगदा २०२१ पासून सुरू आहे. पूर्वी जवाहर बोगद्याकडे चढताना जो बर्फ लागायचा तो पुष्कळसा टळला. पण रामबन-बनिहाल टप्प्यात पाऊस-बर्फ झाला की दरडी आणि दगड येतात, रस्ता बंद होतो आणि अवजड गाड्या ठिकठिकाणी थांबवून ठेवतात. कोणत्या दिवशी कोणत्या बाजूच्या ट्रकना सोडणार हे ट्रॅफिक पोलीस आदल्या दिवशी जाहीर करतात. ते बघूनच उधमपूर सोडा. दोन-तीन दिवस अडकण्याची तयारी ठेवूनच भाड्याचा हिशोब करा. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवं.

कांद्याचंही याच थांबण्यात नुकसान होतं. कांदा शून्याच्या किंचित खाली गोठतो, आणि सुटल्यावर पाणचट होऊन सडतो. जम्मूपर्यंत हवा खेळती ठेवा, नाहीतर घाम धरेल. जम्मूनंतर बाजूने आणि वरून गोणपाट किंवा पेंढा, त्यावर ताडपत्री घट्ट. फाळक्यालगतच्या गोण्या आधी जातात, तिथे थर जाड ठेवा. ताडपत्रीवर बर्फ साचला तर निघण्याआधी झाडून टाका, पहिल्या ब्रेकला तो केबिनवर घसरतो.

थांबलेल्या रात्रीसाठी: गाडीची पाठ वाऱ्याकडे, तोंडावर वारा नको, शक्य तर भिंतीच्या किंवा दुसऱ्या गाड्यांच्या आडोशाला. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायची पद्धत आहे, उभ्या गाडीला ठीक. सकाळी काटा वर येईपर्यंत अर्धा ठेवलात तरी चालेल, पण घाट चढण्याआधी काढा. रात्रभर इंजिन चालू ठेवायची गरज उणे पाचात नीट तयार केलेल्या गाडीला नाही. तासन्‌तास नुसतं आयडलिंग केलं तर डीपीएफ काजळीने भरतो आणि मग भर रस्त्यात गाडी ताकद तोडते. डिझेल जमलंच तर टाकीखाली जाळ करू नका. हे मी बघितलेलं आहे, टाकीखाली पेटती चिंधी आणि वर डिझेलने भिजलेला पाइप. तुमच्या गाडीत तिथेच प्लास्टिकचा युरिया डबा आणि वायरिंग आहे. फिल्टर बदला, नव्या फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा, ऊन येऊ द्या. दोन-तीन तास जातील, जाऊ द्या.

आणि हात जोडून सांगतो, केबिनमध्ये शेगडी, कांगडी (काश्मिरी निखाऱ्यांचं मडकं), स्टोव्ह यातलं काहीही पेटवून काचा बंद करून झोपू नका. कोळशाच्या धुराला वास नसतानाही त्यातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला झोपेतच नेतो, आधी जाग येत नाही. तुमचा ड्रायव्हर थकलेला असेल, कुणी स्थानिक माणूस मायेने कांगडी देईल, तो घेईल. म्हणून हे त्याला निघण्याआधी, समोर बसवून सांगा. दोघांना दोन-दोन जाड रजया, लोकरीचे मोजे, हातमोजे, पाण्याचे कॅन, तीन दिवसांचं खाणं (सुकं पीठ, गूळ, शेंगदाणे, फरसाण), टॉर्च, फावडं, वाळूची किंवा राखेची एक गोणी आणि ओढायची साखळी. स्वयंपाकाचा स्टोव्ह न्या, पण तो पेटेल गाडीच्या बाहेर. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसायचं झालं तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना हे उतरून बघा, आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

परतीचं एक काम राहतं. थंडीत सकाळी १२० पर्यंत पुरी केलेली हवा नाशिकच्या दुपारी, भरलेल्या गाडीत, १३५ च्या वर जाते. पंजाब ओलांडून उष्णता वाढायला लागली की राजस्थान किंवा माळव्यात कुठेतरी सकाळी, टायर गार असताना, सगळ्या चाकांची हवा तपासून जास्तीची काढून टाका. टाकीचा ड्रेन आणि वॉटर सेपरेटर त्याच वेळी एकदा बघा. गाडीचा महिना-वर्ष, टाकी किती लिटरची आणि लिफ्ट एक्सल आहे का नाही एवढं कळवलंत तर तेलाचे ग्रेड आणि साखळीचं माप नेमकं सांगता येईल.